आनंदा म्हणे

ढोलकीची तिहाई पडली, मैनाबाईंनी हात जोडले आणि लावणी संपली. काचेच्या अलीकडे माझ्या शेजारी बसलेल्या विश्वासरावांनी माझा दंड धरला.

"संपली?"

"संपली असं दिसतंय," मी म्हणालो.

"अहो, संपली कशी? दादांचं नाव कुठं आलं?"

मी तेव्हा एका जिल्ह्याच्या रेडिओ केंद्रावर कार्यक्रम अधिकारी होतो. हुद्दा मोठा आणि काम हमालाचं. गाणाऱ्याला गाडी पाठवा, वाजवणाऱ्याला चहा पाजा, विद्वानांचे रुसवे काढा, आणि एवढं करून रविवारी वेळेवर टेप वाजली पाहिजे. त्या वर्षी शाहीर आनंदा आंबेवडीकरांची जन्मशताब्दी होती. शाहिरांना जाऊन बराच काळ लोटला होता, पण त्यांची 'पैंजण माझं चुगलखोर' ही लावणी जिल्ह्यात ठाऊक नाही असा माणूस विरळा. अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा असं वरून ठरून आलं. लावणी म्हणायला टाकळीकरांच्या फडाच्या मैनाबाई, कारण ती गाजवली त्यांच्या आईनं, तुळसाबाई टाकळीकरांनी. भाष्य करायला कॉलेजातल्या प्राध्यापिका सुनंदा ढमढेरे. आणि शाहिरांचे चिरंजीव विश्वासराव, पंचायत समितीचे माजी सभापती, हे कुणीही न बोलावता आले होते. सभापतींना बोलवावं लागत नाही.

विश्वासरावांची तक्रार मात्र रास्त होती. लावणी लिहिणारा शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. तीच त्याची सही. या लावणीतही होती. बाई आपल्या प्रियकराला सांगते की पैंजण चुगली करतं, मी तुझ्या दारी येऊ कशी, आणि शेवटी उत्तर येतं : 'आनंदा म्हणे, थांब तू सखे, मीच येतो घरी.' छापील पुस्तकात हे कडवं आहे. टाकळीकरांच्या फडात ते कधी म्हणत नसत. त्याच्या तोंडाशी आलं की ढोलकीवाला एकच बोल तीनदा वाजवून सम गाठायचा, ती तिहाई, आणि खेळ खलास. शिट्ट्या, टोप्या, सगळं तिथंच.

यावर आमच्या ढमढेरेबाईंनी एक लेखच लिहिला होता. लावणी ऐन टोकावर अधुरी सोडण्यात टाकळीकरांची प्रतिभा कशी दिसते, प्रियकराचं उत्तर श्रोत्याच्या मनावर कसं सोपवलं आहे, वगैरे. लेख चांगला होता. मुंबईच्या एका जाणकारानं त्याला 'टाकळी बाज' असं नावही देऊन टाकलं होतं, आणि दोन-चार ठिकाणचे ढोलकीवाले आता मुद्दाम आपापल्या लावण्यांत तशी तिहाई मारू लागले होते.

पण जन्मशताब्दी ज्याची, त्याचंच नाव गाळून कसं चालेल? मी आत गेलो आणि मैनाबाईंना म्हणालो, की एवढ्या वेळेपुरतं शेवटचं कडवंही घ्या. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. पन्नाशी उलटलेली बाई, अंगानं भरलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू. आवाज गाताना मोकळा आणि बोलताना हळू.

"आमच्यात हितंच संपतंय, सायेब," त्या म्हणाल्या.

"येतं ना पण तुम्हाला?"

"येतंय की. आईनं शिकवून ठिवलंय. शिकून ठेव म्हनली, पन गाऊ नको."

शेजारी दगडूमामा ढोलकीच्या दोऱ्या ओढत होते. तुळसाबाईंच्या काळापासून तेच वाजवत आले होते. त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

का गायचं नाही, हे मी विचारलं आणि ढमढेरेबाईही वही सरसावून आत आल्या. त्यांना आपल्या लेखाला आणखी एक पुरवणी मिळेल असं वाटलं असावं. मैनाबाईंनी आढेवेढे न घेता सांगितलं. रडणं नाही, ओरडणं नाही. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

शाहीर आनंदा आणि तुळसाबाई यांचा बरीच वर्षं घरोबा होता. शाहीर शब्द आणायचे, तुळसाबाई गायच्या. मैना झाली. शाहीर येऊन पोरीच्या हातावर खाऊ ठेवून जायचे, तिला मांडीवर घ्यायचे, सगळ्या फडाला ठाऊक होतं. पुढं पोरीला शाळेत घालायची वेळ आली. मास्तरांनी बापाचं नाव विचारलं. तुळसाबाईंनी दगडूमामांना शाहिरांकडे धाडलं, नाव लावू का म्हणून विचारायला. शाहीर तेव्हा एका सभेला बसले होते, पुढाऱ्यांचा घोळका भोवती. दगडूमामांनी कानात सांगायचा प्रयत्न केला, पण शाहिरांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मोठ्यानं हसून कानावर हात ठेवले. म्हणाले, "तमाशातल्या बाईच्या पोरीचा बाप कोण, हे जोतिष्याला विचारा, मला कशाला विचारता?" सगळे हसले.

दगडूमामांनी हे जसंच्या तसं येऊन सांगितलं. शाळेत पोरीच्या नावापुढं तुळसाबाईंनी स्वतःचं नाव लावलं. पुढच्या जत्रेत लावणी उभी राहिली, शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी आली, आणि त्यांनी दगडूमामांना हातानं खूण केली. तिहाई पडली. लोकांना वाटलं, काहीतरी नवीन काढलंय, आणि त्यांनी जत्रा डोक्यावर घेतली. शाहीर पुन्हा फडाकडे फिरकले नाहीत. तुळसाबाई मरेपर्यंत ही लावणी गायल्या, पण त्या माणसाचं नाव काही त्यांच्या ओठावर आलं नाही.

म्हणजे टाकळी बाज तो हा. मी ढमढेरेबाईंकडे बघायचं टाळलं.

बाई तशा सज्जन, पण त्यांना एकदा तत्त्व सापडलं की समोरचं माणूस दिसेनासं होई. त्यांनी वही मिटली आणि मला सांगून टाकलं, की असल्या माणसाची जन्मशताब्दी साजरी करण्यात आपण भाग घेणार नाही. कार्यक्रम रद्द करा. सरकारी रेडिओवरून त्याची लावणी यापुढे वाजताच कामा नये, कॉलेजच्या अभ्यासक्रमातूनही ती काढायला लावते. करायचाच असेल कार्यक्रम, तर मैनाबाईंची मुलाखत घ्या, त्यांची कहाणी लोकांना ऐकू दे.

एव्हाना विश्वासरावही आत येऊन उभे होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी प्रथम हे सगळं थोतांड आहे म्हटलं, मग पुरावा मागितला, मग म्हणाले, असं गृहीत धरू की असेल काही. पण ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात ते काय उगीच?

"कूळ कोण विचारतंय?" ढमढेरेबाई म्हणाल्या. "ऋषीनं काय केलं ते विचारतोय."

मग त्या दोघांचं जे जुंपलं ते जुंपलं. कलावंत निराळा आणि माणूस निराळा. मग लावणी काय भुतानं लिहिली? आजच्या मापानं त्या काळाला मोजू नये. ज्या बाईला फसवलं तिचाही तोच काळ होता, तिला नाही का लागलं? मोठ्या माणसाचे पायही मातीचेच असतात. असू देत, पण त्या पायांखाली कोण चिरडलं ते तरी बघाल की नाही? मला दोघांचंही थोडं थोडं पटत होतं, ही माझी जुनीच खोड. शिवाय रविवारी अर्ध्या तासाला काय वाजवायचं, ही चिंता मला तत्त्वापेक्षा मोठी होती.

मैनाबाई सुपारी कातरत ऐकत होत्या. त्यांच्याबद्दलच चाललं होतं सगळं, पण त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. दोघं दम घ्यायला थांबल्यावर त्यांनीच विचारलं, "म्हंजे कारेक्रम व्हनार न्हाई?"

"तुमच्यासाठीच म्हणतेय मी, मैनाबाई," ढमढेरेबाई म्हणाल्या. "तुमच्या आईवर अन्याय केला त्या माणसानं."

"केला की. पन बाई, तुमी त्यांची लावनी बंद केली तर आईची चाल कुठं जाईल?"

ढमढेरेबाईंना कळलं नाही. मलाही लगेच कळलं नाही.

"शब्द त्यांचे," मैनाबाई म्हणाल्या. "चाल आईची हाय. सगळी. त्यांनी कागूद आनून द्यावा आन् आईनं तो गानं करावा. आता आमच्या बारीत समदी सिनेमाची गानी मागत्यात. ही लावनी मागनारा वरसाला एखादा म्हातारा यील, आला तर. माझ्यामागं ती कुनाला येत न्हाई. मी काय कहानी सांगाया आले न्हाई हितं. तुमच्या टेपवर आईची चाल ऱ्हाईल म्हनून आले. शब्द मातीत घातले तर चाल कशावर हुबी करू?"

यावर ढमढेरेबाईंनी मिटलेली वही पुन्हा उघडली आणि 'चाल आईची' एवढंच लिहून घेतलं. ते मला आवडलं.

तिहाईवरच संपणारी जुनी तबकडी आता झिजून गेली होती; तिच्यावर 'गीत आणि संगीत : शाहीर आनंदा आंबेवडीकर' असंच छापलेलं होतं. आम्ही रेडिओवरही वर्षानुवर्षं तसंच सांगत आलो होतो. तुळसाबाईंचं नाव आलंच तर गायिका म्हणून. गाणारी बाई चाल बांधते, हे कुणाच्या डोक्यातच येत नसे.

विश्वासराव माणूस राजकारणातला. वारा कुठून वाहतोय हे त्यांना आमच्याआधी कळायचं. प्राध्यापिकाबाई बाहेर जाऊन बोलल्या तर शताब्दीचा बोऱ्या वाजणार, हे त्यांनी ताडलं असणार. शिवाय इतका वेळ ते मैनाबाईंच्या तोंडाकडे बघत होते. तेच रुंद कपाळ, तीच हनुवटी. दिवाणखान्यात लावलेल्या वडिलांच्या फोटोखाली ते रोज जेवत होते, त्यांना ओळख पटायला पुरावा कशाला हवा?

त्यांनी खुर्ची ओढली आणि मैनाबाईंसमोर बसले.

"झालं गेलं गंगेला मिळालं," ते म्हणाले. "मी आता एक बोलतो. या कार्यक्रमात तुमचं नाव मैना आनंदा आंबेवडीकर असं सांगू द्या. माझी हरकत नाही. उद्या कुणी विचारलं तर मी सांगेन, होय, आमची बहीण आहे. तुम्ही फक्त शेवटचं कडवं म्हणा."

दगडूमामांनी पहिल्यांदा मान वर केली. शाळेच्या दारात जे मिळालं नव्हतं, ते पन्नाशी उलटल्यावर असं रेडिओच्या खोलीत समोर येऊन पडलं होतं. आणि विश्वासराव हे निव्वळ डाव म्हणून बोलत होते असंही नाही.

मैनाबाई उठून बाहेर गेल्या. आवारात एक कडुलिंब होता, त्याखाली उभ्या राहिल्या. आम्ही काचेतून बघत होतो. ढमढेरेबाई हळूच म्हणाल्या, की त्यांनी घ्यावं हे नाव, त्यांचा हक्कच आहे तो. मघाशी ज्याचं नाव पुसून टाकायचं होतं, तेच नाव आता हिला मिळावं असं त्यांना वाटत होतं. माणूस तत्त्वावरून खाली उतरला की असा बरा दिसतो.

मैनाबाई परत आल्या त्या सरळ विश्वासरावांपुढे.

"तुमी म्हनला, त्यात समदं आलं," त्या म्हणाल्या. "पन मला नाव हाय. मैना तुळसा टाकळीकर. त्यावर मी शाळा शिकले, त्यावर फड चालवला. आता बदलून काय करू? तुमी एवढं करा, चाल कुनाची ते सांगा. शब्द शाहीर आनंदा, चाल तुळसाबाई टाकळीकर. असं म्हनत असाल तर मी आख्खी लावनी गाते. शेवटापत्तुर."

विश्वासरावांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. नाव द्यायला ते तयार झाले होते, त्यात दादांचं काही जात नव्हतं. उलट मोठेपणाच दिसला असता. पण इथं दादांचं अर्धं जात होतं. गीत-संगीत यातलं संगीत गेलं की शाहीर आनंदा नुसता कवी उरत होता.

"तबकडीवर तसं छापलेलं नाही," ते म्हणाले.

"न्हाई," मैनाबाई म्हणाल्या. एवढंच.

मी म्हटलं, घरच्यांची हरकत नसेल तर मी निवेदन तसं करतो. हरकत असेल तर वाद उभा राहील, आणि वाद असलेली गोष्ट वर कुणी वाजवू देणार नाही. म्हणजे सगळं येऊन विश्वासरावांच्या जिभेवर थांबलं. ते बोटातली अंगठी फिरवत बसले. ढमढेरेबाई काहीतरी बोलायला गेल्या, तर मी त्यांना हातानं थांबवलं.

"दादांना गळा नव्हता," विश्वासराव अखेर म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "घरी गणपतीची आरतीसुद्धा म्हणत नसत, नुसत्या टाळ्या वाजवायचे. आई हसायची त्यांना. मी लहानपणी विचारायचो, की दादा, तुम्हाला सूर नाही तर चाल कशी लावता? तर म्हणायचे, ती आपोआप लागते."

मग म्हणाले, "लिहा. चाल तुळसाबाई टाकळीकर. मी सही देतो पाहिजे तर."

सही नको म्हटलं. त्यांचं तोंडचं बोलणं पुरे होतं.

आम्ही बाहेर आलो, तांबडा दिवा लागला, लावणी पुन्हा सुरू झाली. मैनाबाई पहिल्यापेक्षा निवांत गात होत्या. शेवटचं कडवं जवळ आलं तशी मीही नकळत पुढं सरकलो. आणि नेमकी तिथंच तिहाई पडली. दगडूमामांचा हात. आयुष्यभर त्या जागी तेच वाजवलेलं, त्या हाताला निराळं काही ठाऊकच नव्हतं. मामा ढोलकीवर पंजा ठेवून ओशाळे होऊन बसले. मैनाबाई रागावल्या नाहीत. त्यांना म्हणाल्या, की मामा, माझ्या तोंडाकडं बघत ऱ्हावा, ढोलकीकडं नको.

पुन्हा सुरुवात केली. या वेळी मामांनी नजर त्यांच्यावरून हलवली नाही. ती जागा आली, हात अडखळला, पण तिहाई पडली नाही. ठेका चालू राहिला आणि मैनाबाई पुढं गेल्या.

'आनंदा म्हणे…'

गाण्यातलं मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण इतकी वर्षं काचेमागं बसून ऐकलेलं होतं, तेवढ्यावरून सांगतो. त्या अख्ख्या लावणीतली सगळ्यात देखणी जागा 'आनंदा' या नावावर होती. आधीची कडवी साधी, उभ्या उभ्या म्हणावीत अशी. नावापाशी आल्यावर मात्र चाल वर चढत होती, क्षणभर तिथं रेंगाळत होती, आणि मग मोठ्या लाडानं खाली उतरत होती. तुळसाबाईंनी आपलं सगळं कसब त्या एका नावासाठी राखून ठेवलं होतं. आणि तेच तोडून टाकून त्या जन्मभर गायल्या होत्या.

मैनाबाईंनी ती जागा पूर्ण घेतली. काही राखलं नाही, काही उणं केलं नाही. 'थांब तू सखे, मीच येतो घरी' म्हणून समेवर आल्या, आणि लावणी खरोखरीची संपली.

विश्वासराव डोळ्याला रुमाल लावून भिंतीकडे तोंड करून उभे होते. ढमढेरेबाई आत धावल्या. त्यांना राहवलंच नाही.

"तुम्ही त्यांना माफ केलंत?" त्यांनी विचारलं.

मैनाबाई पदरानं मानेचा घाम टिपत होत्या.

"माफ न्हाई केलं," त्या म्हणाल्या. "पन शब्द त्यांचेच हायेत, मग त्यांचे म्हनाया नकोत? जे ज्याचं हाय ते त्याचं म्हनावं, बाई. त्यांना तेवढं जमलं न्हाई. मला जमतंय."